फुटपाथ हाय की, मग चालत का नाहीत?

"फुटपाथ करून दिलाय की. तरी म्हातारी माणसं रस्त्यावरूनच चालत्यात," अण्णांनी काडी टाकली. अण्णा रस्त्यांची कामं घेतात, त्यांना हे लागणारच.

आमचा कट्टा लातुरात, गंजगोलाईच्या अलीकडं. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही.

नानांचा एक गुडघा बदललेला. "चढायला गुडघा पायजे ना, अण्णा! फूटभर उंच बांधता, अन् दर दुकानापुढं फोडून उतार काढता. चढा, उतरा, पुन्हा चढा. त्यापरीस डांबरी बरी."

इथं मी नानांच्या बाजूचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या पादचारी सुविधांच्या नियमावलीत कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेची, उंची १५० मिलिमीटरच्या वर नको असं सांगितलंय, म्हणजे वीतभरही नाही. चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर. दुकानात गाडी न्यायचीय ना, मग चढ गाडीनं चढावा. फुटपाथची पातळी कशाला मोडायची?

"खाली ठेवला की मोटारसायकली घुसतात, त्याचं काय?" अण्णांचं हेही खोटं नाही. खांब रोवावेत, तर मोटारसायकल अडेल एवढ्या फटीत व्हीलचेअरही अडते. तिथं पावतीच फाडावी लागते, अन् ती कोण फाडणार?

चाचांनी सिग्नलचा विषय काढला. सिग्नलची वेळ ठरवताना पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायची पद्धत आहे. त्या हिशोबानं १४ मीटरचा रस्ता १२ सेकंदांत पार. नाना ०.८ नं चालतात, त्यांना साडेसतरा लागतात. उरलेले साडेपाच सेकंद ते ट्रकपुढं. मधे थांबायला धड दुभाजक असला तर निम्मं काम भागतं. सिंगापुरात २००९ पासून ज्येष्ठांनी खांबावर कार्ड टेकवलं की हिरवा दिवा जास्त वेळ राहतो, हे मी सांगितलं.

"आपल्याकडं आधी दिवा तर लागू द्या!" अण्णा.

मग हातगाडे. चाचा म्हणाले, हटवा सगळे. नाना उखडले, "मेथी घ्यायला मीच जातो तिथं, अन् विकणारी बाई माझ्याच वयाची." पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा जागा आखून द्या म्हणतो, आखून दिली तर दोघंही मावतात. अन् कडुलिंबाची झाडं तोडून चकचकीत टाइल्स बसवणं तेवढं बंद करा. मेमधी सावली नाही, पावसात पाय घसरतो.

"टेंडरात लिहिलंय तेवढंच मी करतो," अण्णा वैतागले.

"मग टेंडर आणा उद्या," नाना म्हणाले. "उंची किती लिहिलीय, बघू."