एका चाकाचे पाचशे

लग्नाला बारा वर्षं झाली, त्यातली अकरा वर्षं आमच्या हिने दुसरा गिअर धरून ठेवलाय. संसाराचा वगैरे नव्हे, खरोखरचा. आमची जीप म्हणजे आप्पांनी घेतलेली महिंद्राची एमएम ५४०, प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चार गिअर, आणि त्यातला दुसरा असा की उतारावर अॅक्सिलेटर सोडला की खटकन सटकून न्यूट्रलला येतो. मग घाट उतरताना डाव्या सीटवर जो कोण बसेल त्याने दांडा मागं ओढून धरायचा, असा आमच्या घरचा रिवाज. एकदा मावसभावाला तिथं बसवलं तर त्याला वाटलं मानाची जागा आहे, करूळ घाटाच्या खाली पोचेपर्यंत त्याच्या मनगटाला मुंग्या आलेल्या.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मागच्या पावसाळ्यात गगनबावड्याकडे एका शेताच्या वाटेवर जीप रुतली. मागचं डावं चाक चिखलात गरागरा फिरतंय, उजवं चांगल्या दगडावर उभं राहून गंमत बघतंय, आणि मी अॅक्सिलेटर दाबून दाबून डाव्याचा खड्डा खोल करतोय. शेवटी एक ट्रॅक्टरवाला आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "पावनं, एकच चाक रुतलंय, पाचशे द्या."

आता कुणी म्हणेल ५४० ला तर फोर बाय फोर असतं की. असतं. पण आप्पांनी वीस वर्षांपूर्वी डिझेल वाचावं म्हणून पुढच्या चाकांना जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट काढून माळ्यावर टाकलाय, त्यामुळे आमची फोर बाय फोर ही फक्त मागच्या पाटीवर आहे.

त्या रात्री पाचशे रुपये डोक्यात घेऊन झोपलो ते पहाटे तीनला एलएसडी वाचत उठलो. (ही दुसरी एलएसडी, लिमिटेड स्लिप डिफ्रन्शल. हिला सकाळी चहा देताना सांगितलं, तर कप तसाच हातात धरून ती माझ्या डोळ्यांत बघत राहिली.) डिफ्रन्शल म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारी पेटी. साध्या डिफ्रन्शलचं असं असतं की दोन्ही चाकांना जोर सारखाच मिळतो, आणि तो किती हे ठरवतं ज्याची पकड कमी ते चाक. म्हणजे एक भाऊ घसरला की दुसऱ्यालाही तेवढंच, एकत्र कुटुंब. एलएसडीत क्लचसारख्या प्लेटा असतात, एक चाक उगाच पळायला लागलं की त्या त्याला आवळतात आणि थोडा जोर दुसऱ्याकडे सरकवतात. १९३५ च्या सुमाराला पोर्शने ऑटो युनियनच्या रेसच्या गाडीसाठी झेडएफ ह्या जर्मन कंपनीकडून असलं काहीतरी करून घेतलं, कारण त्या राक्षसाचं आतलं चाक वळणावर जागच्या जागी फिरायचं. माझी जीप साठच्या वर गेली की आरसे गळतात, पण दुखणं तेच ना.

तर गिअरबॉक्स आणि एलएसडी, दोन्ही एकदमच करून टाकू म्हणून गाडी घेऊन गेलो उद्यमनगरात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काय होत नाही असं नाही, फक्त कधी होईल ते विचारायचं नाही. मिस्त्रींनी जीपखाली डोकं घातलं आणि आतूनच विचारलं, "पुढचा शाफ्ट कुठाय?"

"माळ्यावर."

"मग तो बसवा की आदी. फुकट हाय."

"मिस्त्री, टेक्नॉलॉजी कुठं गेली बघा जरा," असं म्हणून मी त्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पूर्ण बघितला, तंबाखू मळली आणि म्हणाले, "पैसं तुमचं हाईत."

गिअरबॉक्स उघडला आणि आमच्या घराण्याची सगळी अब्रू टेबलावर आली. गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या सिंक्रोच्या पितळी रिंगांच्या आतल्या बारीक रेघा साफ गुळगुळीत, दुसऱ्या गिअरचे डॉग टीथ, म्हणजे गिअर धरून ठेवणारे दात, चघळलेल्या उसासारखे, थ्रस्ट वॉशर कागद झालेला, दांड्याच्या हुकमाने गिअर सरकवणारा फोर्क एका बाजूने अर्धा खाल्लेला. फोर्कचं मिस्त्रींनी बरोबर सांगितलं, गाडी चालवताना दांड्यावर हात ठेवून बसायची सवय असली की तो झिजतो. मी म्हटलं दांडा सटकतो म्हणून हात ठेवतो, ते म्हणाले हात ठेवता म्हणून सटकतोय. अकरा वर्षं ही बिचारी दांडा धरून गिअर वाचवतीये अशी माझी समजूत होती, ती प्रत्यक्षात फोर्क कुरतडत होती. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

काउंटर शाफ्ट ओढला तसे आतले सुटे रोलर टपाटपा ताटलीत पडले. ते परत बसवताना ग्रीस लावून एकेक चिकटवत न्यायचे असतात, म्हणून आधी मोजायला मला बसवलं. तीनदा मोजले, तीन वेगळे आकडे आले. शेवटी मिस्त्रींच्या पोराने एका दमात मोजले आणि एक कमी आहे म्हणाला. दोन तास शोधलं, मॅग्नेट फिरवला, आणि तो निघाला माझ्या चपलेच्या तळाला ग्रीसमध्ये.

मग एलएसडीचं पार्सल आलं. पंचेचाळीस हजार रुपये, चकचकीत, बघूनच डोळे भरून आले. हिला सांगताना पंधरा सांगितले. अॅक्सल आत सारला तर जाईना. स्प्लाइन, म्हणजे टोकावरच्या उभ्या खाचा, मोजल्या, पार्सलमध्ये ३०, माझ्या अॅक्सलवर १९. ह्या जातीच्या अॅक्सलमध्ये १०, १९ आणि ३० अशी तीन गोत्रं आहेत हे मला विकणाऱ्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पत्रिकेत छत्तीसपैकी एकोणीस गुण जुळले तर लग्न लागतं, इथं नाही लागत. परत पाठवणे, दुसरं मागवणे, ह्यात सव्वा महिना गेला आणि तोवर जीप लोखंडी घोड्यांवर चाकांशिवाय उभी, जाता-येता प्रत्येकजण विचारणार, "काय, विकली का?"

क्राउन-पिनियन, म्हणजे डिफ्रन्शलमधली दातेरी जोडी, बसवताना मिस्त्रींनी तेलात शेंदूर कालवून दातांना फासला, मारुतीला वाहतात तसा, आणि हाताने फिरवून छाप बघितली. छाप दाताच्या टोकाला आली, पिनियनमागे घाला शिम, म्हणजे पातळ चकती. बुडाला आली, काढा शिम. दातांमधली ढील सात-आठ थाउ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, पाहिजे, आणि ती जमेपर्यंत चार वेळा सगळं बाहेर काढलं. मला एवढंच कळलं की शनिवार होता आणि शेंदूर लागला.

तेलाचं तर वेगळंच सोवळं. डिफ्रन्शलला जीएल ५ प्रतीचं तेल, आणि वर प्लेटांसाठी अॅडिटिव्हची बाटली, नाहीतर प्रत्येक वळणाला मागून कडकड आवाज येतो. गिअरबॉक्सला मात्र जीएल ४, कारण ५ मधलं गंधक पितळी रिंगांना खाऊ शकतं. दोन कॅन घरी आणले तर आप्पा म्हणाले, आमच्या वेळी एकच तेल होतं, तेच दाराच्या बिजागरीला.

गाडी तयार झाली. दुसरा गिअर टाकला, हात सोडला, उतार आला, सटकला नाही! ही सवयीने दांड्यावर हात ठेवायला गेली, मी इतक्या जोरात "नको!" ओरडलो की ती गगनबावडा येईपर्यंत बोलली नाही.

आणि मुद्दाम त्याच शेताच्या वाटेवर घातली. डावं चाक चिखलात गेलं, फिरलं, आणि खरंच उजव्याने जोर धरला, जीप पुढं सरकली. मी हिच्याकडे बघून हसलो. दहा फुटांवर उजवं पण चिखलात आलं. आता दोन्ही चाकं मिळून, अगदी सामोपचाराने, एकाच वेळी एकसारखे दोन खड्डे करत अॅक्सलच्या हौसिंगपर्यंत खाली गेली.

ट्रॅक्टरवाला तोच. आला, वाकून बघितलं.

"आता दोन रुतल्यात. हजार."

मी पाकीट काढेपर्यंत तो अजून थोडा खाली वाकला. "पावनं, पुढचा शाफ्ट कुठाय?"

"माळ्यावर," ही पहिल्यांदाच बोलली. "पंधरा हजारात नाही बसला."