सोलर हवंच, पण आधी जनरेटरकडे बघा

बांधकामाच्या साइटवरच्या तात्पुरत्या केबिनांच्या छतावर सोलर पॅनेल बसवावेत, असं एका लेखात वाचलं. पटतं. पण सुरुवात जनरेटरपासून व्हायला हवी असं मला ठामपणे वाटतं. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सगळ्या केबिनांचे एसी एकदम चालतील या हिशेबाने भलामोठा जनरेटर आणतात आणि रात्री तोच वॉचमनच्या पंख्यासाठी आणि दोन-चार दिव्यांसाठी धडधडत राहतो. इतक्या कमी लोडवर इंजिन नीट तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये काजळी होऊन साचतं आणि प्रत्येक युनिटमागे डिझेलही जास्त लागतं. सोबत बॅटरी जोडली तर दिवसा जनरेटर चांगल्या लोडवर चालवून ती भरता येते, रात्री जनरेटर बंद. त्याहून उत्तम म्हणजे विजेच्या कनेक्शनचा अर्ज काम सुरू होण्याच्या बऱ्याच आधी करणं. हे कागदपत्रांचं काम मागे पडतं आणि त्यापायी महिनोन्महिने डिझेल जळतं, याचं खरंच वाईट वाटतं.

केबिनचं म्हणाल तर नुसता पत्रा उन्हात तापतो, थंडीत गारठतो. इन्सुलेटेड, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पॅनेलची केबिन घ्या आणि दाराला डोअर क्लोजर लावा, कारण आत एसी सुरू आणि दार सताड उघडं हे नेहमीचंच आहे. भाड्याने केबिन देणाऱ्याला डिझेलचं बिल भरावं लागत नाही, त्यामुळे इन्सुलेशनची त्याला घाई नसते. ठेकेदारानेच ते करारात मागायला हवं, आणि केबिनांसाठी वेगळा मीटरही.