फुलीच्या पलीकडचा शब्द

आमच्या चौथीतल्या मुलीच्या वहीत डावीकडे इंग्रजी शब्द असतो, मध्ये फुली आणि उजवीकडे माझी अब्रू. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. २००० सालापासून ते पहिलीतच आलं, त्यामुळे बापाची फजिती चार वर्षं आधी होते.

परवा चाचणीत 'फास्ट' आला. डोंबिवलीच्या पोरीला फास्टचा विरुद्धार्थी शब्द विचारायचा म्हणजे फुकटचा गुण. पण नेमकी त्या दिवशी आजीची संकष्टी. पोरीनं लिहिलं, 'ब्रेकफास्ट'. बाईंनी शून्य दिलं. उपवासाच्या विरुद्ध उपवास सोडणं, यात चुकलं काय? मी शाळेत भांडायलाच निघालो होतो, बायकोनं अडवलं. त्याआधी 'राइट'समोर तिनं 'लेफ्ट' लिहिलं तेव्हा बाईंना 'राँग' हवं होतं. पुढच्या चाचणीत तिनं इमानानं 'राँग' लिहिलं, तर धडा दिशांचा निघाला.

शेवटी मी एक युक्ती शिकवली. न्यायचं अन्याय होतं ना, तसं शब्दाआधी 'अन' नाहीतर 'इन' चिकटवायचं, झालं काम. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी आमच्या स्कूटरपुढे पेट्रोलचा टँकर आला. मागे लाल अक्षरांत 'हायली इन्फ्लेमेबल'.

"बाबा, म्हणजे हा अजिबात पेटत नाही ना? मग घ्या की पुढे!"

मी स्कूटर बाजूला घेऊन तिथेच शिकवणी सुरू केली. हा 'इन' नकाराचा नव्हे, लॅटिनमधून आलेला पेटवापेटवीचा आहे. हा घोळ मोठ्यांचाही होत असणार, कारण अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी १९२० च्या दशकात 'इन' काढून नुसतं 'फ्लेमेबल' लिहा म्हणून धोशा लावला. म्हणजे आता पेटणाऱ्याला दोन शब्द झाले, आणि दोघंही एकाच बाजूचे.

"आणि इन्व्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोलाचं?"

"अमूल्य."

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी साहेबांच्या निरोप समारंभात पाहिली होती. तिथं मानपत्र माझ्याकडे होतं. 'ओव्हर' म्हणजे वरून, 'लुक' म्हणजे बघणं, असा हिशोब करून मी वाचलं होतं की साहेबांनी पंचवीस वर्षं सगळी कामं 'ओव्हरलुक' केली. देखरेख केली, असं म्हणायचं होतं. निघालं, दुर्लक्ष केलं. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. सगळ्यांना ते खरंच वाटलं असावं.

मोल्सवर्थसाहेबानं १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, कँडीसाहेबानं १८४७ साली इंग्रजी-मराठी. मोल्सवर्थच्या मदतीला शास्त्रीमंडळी होती. माझ्या मदतीला मोबाइल. त्याला 'लाइट'चा विरुद्धार्थी विचारला की तो आधी 'डार्क' सांगतो, मग 'हेवी', मग पंख्यांची जाहिरात दाखवतो. आणि सकाळी साडेसाताला व्हॅनवाले काका हॉर्न देतात.

काल रात्री मी इंग्रजांच्या नावानं मनसोक्त बोटं मोडली. "मराठीत असलं काही नसतं. बोलू तोच अर्थ!" तेवढ्यात स्वयंपाकघरात खळ्‌कन आवाज आला आणि आई म्हणाली, "अगं बाई, बांगडी वाढली!"

पोरगी धावत आत गेली आणि आजीचा हात धरून मोजून आली. "बाबा, आठ होत्या, सात राहिल्या."

मी सांगायला लागलो की बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, अशुभ वाटतं, म्हणून... एवढ्यात वाटीभर साखर न्यायला आलेल्या शेजारच्या काकू चपला सरकवत म्हणाल्या, "बराय, येते हं!" आणि गेल्या.

पोरीनं बंद दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग वहीतल्या 'गो' आणि 'कम'मधली फुली खोडली आणि तिथं बरोबरचं चिन्ह काढलं.