अगदी इथंच दुखतं बघा

घर नवीन, म्हणजे आमच्यापुरतं नवीन, रीसेलचा टू बीएचके आहे, आणि हॉलमधली सोफ्याच्या मागची भिंत रिकामी. तिथं काय लावायचं यावर तीन महिने नुसती चर्चा चालली होती. सात पांढरे घोडे नकोत, डोळे मिटलेला बुद्ध नको, आणि ते फांद्या-फांद्यांवर फोटो लावायचं लाकडी झाड तर मुळीच नको, इथपर्यंत माझं आणि बायकोचं एकमत होतं. पुढं गाडी सरकेना. मग एका रात्री झोप येत नव्हती म्हणून मी लंडनच्या वेलकम कलेक्शनच्या साइटवर गेलो, तिथं जुन्या वैद्यकीय पुस्तकांतली चित्रं फुकट डाउनलोड करता येतात, चांगली मोठ्या साइजची, आणि फुकट म्हटल्यावर मी अडीचपर्यंत जागू शकतो.

पहिलं सापडलं ते वेसालियसचं. 1543 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला छापलेलं शरीररचनेचं पुस्तक, आणि लिहिणारा तेव्हा 28 वर्षांचा. मी त्या वयात स्पर्धा परीक्षेचा तिसरा अटेम्प्ट देत होतो, ते जाऊ दे. तर त्यातला एक सापळा थडग्यावर कोपर टेकून, हाताशी एक कवटी घेऊन असा काही विचारात उभा आहे की अर्ध्या तासापासून बस आलेली नाही. मला तो बघताक्षणी जवळचा वाटला.

त्याच पुस्तकात कातडी सोललेल्या माणसांची एक मालिका आहे, प्रत्येक पानावर अंगावरचे स्नायू कमी कमी होत जातात आणि मागं इटलीतल्या पादुआजवळच्या टेकड्या, पानं शेजारी-शेजारी लावली की मागचा देखावा सलग होतो. मला अख्खी मालिकाच सोफ्याच्या वर हवी होती. बायको म्हणाली, ‘‘आपल्याकडे माणसं चहाला येतात, पोस्टमॉर्टेमला नाही.’’ मालिका कॅन्सल.

शेवटी तीन ठरली. सापळा, गेंडा आणि पाय.

फ्रेमवाल्याकडे पेनड्राइव्ह घेऊन गेलो तर त्यानं स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आवाजात एकदम अदब. ‘‘डॉक्टरसाहेब, दवाखान्याला का? पांढरी फ्रेम देतो, क्लीन दिसते.’’ मी म्हटलं घराला लावायचंय, हॉलमध्ये. त्यानं पट्टी खाली ठेवली. ‘‘वहिनींना विचारलंय ना?’’ काळी फ्रेम, दोन इंची माउंट, काच की ॲक्रिलिक यावर अर्धा तास गेला. मी काच म्हटलं, या काचेचा पुढं संबंध येणार आहे.

लावण्याचा प्रकार तर विचारूच नका. ड्रिलवाले दादा दर वेळी म्हणायचे ‘‘बीम लागलं साहेब’’ आणि चार इंच सरकायचे, असं करत करत सापळा सोफ्यावरून सरकत थेट दक्षिणेच्या भिंतीवर आजोबांच्या फोटोशेजारी जाऊन पोचला. आजोबांना चंदनाचा हार, शेजारी हा. आई बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘आधी आणि नंतर असं वाटतंय रे.’’

गेंड्याला मात्र तिनं लगेच घरात घेतलं. ते चित्र आल्बिनसच्या 1747 च्या शरीररचनेच्या पुस्तकातलं, हॉलंडमधल्या लायडनचं, चित्रकार वांडेलार. पुढं जवळजवळ सापळाच झालेला माणूस ऐटीत उभा आणि मागं निवांत चरणारा गेंडा. शास्त्राच्या पुस्तकात गेंडा कशाला, असं तेव्हाही लोकांनी विचारलं होतंच. त्या गेंडीचं नाव क्लारा. बंगालमधल्या डच कंपनीच्या साहेबाच्या घरात पाळलेली, मग जहाजानं 1741 ला रॉटरडॅमला नेली आणि पुढची 17 वर्षं युरोपभर गावोगाव दाखवत फिरवली, लंडनला वारली बिचारी. हे आईला सांगितलं तर म्हणाली, ‘‘म्हणजे आपलीच की पोर. राहू दे तिला.’’ पुढच्या माणसाला कातडी नाही याबद्दल एक अक्षर नाही.

आणि पाय म्हणजे ग्रे नावाच्या इंग्रज डॉक्टरच्या ॲनाटॉमीच्या पुस्तकातला, 1858. चित्रं ग्रेची नाहीत हां, ती हेन्री व्हॅन्डाइक कार्टरची. ग्रेनं त्याचं नाव आतल्या शीर्षकपानावर बारीक टायपात करायला लावलं, आणि कार्टर त्याच वर्षी मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला आला. पुढं बरीच वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता! आईचं माहेर सातारा, त्यामुळे पायाला हॉलमध्ये सगळ्यात चांगली जागा मिळाली.

खरा त्रास यानंतर सुरू झाला. मला वाटलं होतं लोक येतील, ‘‘अरे वा, हे काय?’’ विचारतील आणि मी सहज आठवल्यासारखं वेसालियस सांगेन. एकानंही विचारलं नाही. चारशेतीनमधले काका मेन्टेनन्सची पावती द्यायला आले, सापळ्यासमोर उभे राहिले आणि बोट काचेवर टेकवून म्हणाले, ‘‘हे बघा. अगदी इथंच दुखतं. एल फोर एल फाइव्ह, कमरेचे मणके.’’ मग चाळीस मिनिटं एमआरआय. मावशी आल्या त्या गुडघ्यावर थांबल्या. बायकोची मैत्रीण कार्टरच्या पायाजवळ चप्पल काढून स्वतःचा पाय तसाच धरून उभी, ‘‘टाच गं, सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही.’’ कार्टरनं नावं बाहेर रेघा ओढून न देता थेट भागांवरच छापलीत, त्यामुळे ती टाचेवरचं नाव वाचून आणखी घाबरली. हळदीकुंकवाला तर सापळ्यापुढं लाइन लागली. वॉचमनही आता कुणी विचारलं तर सांगतो, ‘‘डॉक्टर ना, दुसरा मजला.’’ एकदा एक आजोबा रिपोर्टची फाइल घेऊन आले होते, त्यांना नाही कसं म्हणणार, चहा दिला.

रविवारी काच पुसताना बघितलं तर अख्खी सोसायटी त्यावर उमटलेली. कंबर तेलकट, दोन्ही गुडघे धुरकट, मानेवर पाचही बोटं. कवटीला मात्र कुणी हात लावला नव्हता, तिथं काच लख्ख.

ते हात वर करून पुसणं आणि आधी ड्रिलिंगच्या वेळी शिडी धरून ठेवणं, या सगळ्यात माझा उजवा खांदा गेला. डॉक्टरांकडे गेलो. वेटिंग रूममध्ये धबधबा, केबिनमध्ये बर्फाचे डोंगर आणि लाल छपराचं घर. ‘‘नेमकं कुठं दुखतं?’’ मी भिंतीवर बोट ठेवायला काहीतरी शोधलं, काहीच नव्हतं. शेवटी मोबाइलमधला आमच्या हॉलचा फोटो उघडला, झूम केला आणि म्हटलं, ‘‘अगदी इथंच बघा.’’

डॉक्टर बराच वेळ फोटो बघत होते. मग म्हणाले, ‘‘सुंदर आहे हो. इथं लावायला काय हरकत आहे?’’ आणि लगेच स्वतःच मान हलवली. ‘‘नको. पेशंट घाबरतील.’’