हवेतला कार्बन वाढला म्हणून मुरमावरचं रोप फोफावत नाही

मृगाच्या तोंडावर वृक्षारोपणाच्या गटांत हा संदेश हमखास फिरतो: "कार्बन डायऑक्साइड हे झाडांचं अन्न. तो वाढल्यामुळे रोपं आता दीडपट वाढतात. हरितगृहातही तो मुद्दाम सोडतात. उपग्रहातून भारत हिरवा दिसतोय. त्र्यंबक-सिन्नरच्या डोंगरांवर नुसती रोपं लावा, खताची गरज नाही." यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं अर्धं खरं आहे. पंचाईत तीच.

"झाडांचं अन्न." कार्बनपुरतं मान्य. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत हा वायू सुमारे 280 पीपीएम (दहा लाख भागांत 280 भाग) होता, आज 420 च्या पुढे आहे, आणि पान त्यातून जास्त साखर बनवतं. पण साखर बनवणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) नत्राशिवाय (नायट्रोजन) तयार होत नाही आणि ऊर्जेची देवघेव स्फुरदावर (फॉस्फरस) चालते. ही दोन्ही कमी पडली की साखर पानातच स्टार्च होऊन साठते आणि पान आपली यंत्रणा आवरती घेतं. द्राक्षाच्या देठ परीक्षणात स्फुरद कमी निघाला, तर "ऊन भरपूर आहे, भागेल" असं निफाडचा बागायतदार म्हणेल का? मग डोंगरावरच्या रोपाला वेगळा न्याय कशाला?

"दीडपट वाढतात." असे आकडे बहुधा कुंडीतल्या, खत-पाणी मिळालेल्या कोवळ्या रोपांचे असतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या पाइनच्या जंगलात उघड्यावर वायू सोडून पाहिलं. निकस जमिनीवर नुसत्या वायूनं लक्षात येण्याजोगी वाढ झाली नाही; सोबत अन्नद्रव्यं दिली तेव्हा झाली. टेनेसीत स्वीटगम या झाडाच्या लागवडीत अशाच प्रयोगात सुरुवातीची सुमारे 24 टक्के जादा वाढ 2008 पर्यंत 9 टक्क्यांवर आली, कारण नत्र कमी पडला. सिडनीजवळच्या निलगिरीच्या जंगलात माती स्फुरदाला गरीब. तिथं झाडांनी जास्त कार्बन घेतला, पण खोडं जाड झाली नाहीत. तो बराचसा मातीतून श्वसनावाटे परत हवेत गेला. ती मोठी झाडं होती, हे खरं. पण रोपाची मुळं तर त्याहून उथळ.

हरितगृहात 800 ते 1000 पीपीएम ठेवतात तेव्हा ठिबकमधून प्रत्येक अन्नद्रव्य मोजून दिलेलं असतं. मुद्दा तिथंच संपतो.

उपग्रहाचं म्हणाल, तर 2019 च्या अभ्यासात भारतातल्या हिरवाईच्या वाढीपैकी 82 टक्के वाटा शेतीचा निघाला, जंगलाचा जेमतेम 4. जगभरच्या हिरवाईत या वायूचा हात आहेच, ते नाकारायचं कारण नाही. हा वायू वाढला की पर्णरंध्रं (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) कमी उघडतात, पाणी थोडं वाचतं, हेही खरं; पण एप्रिलची कोरडी हवा ते वसूल करते.

आता "खताची गरज नाही". आपल्याकडे खरी अडचण इथं आहे. चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच) 8 च्या पुढे गेला की स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. पेठ-सुरगाण्याच्या लाल मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम त्याला धरून बसतात. आधी माती तपासा. उपलब्ध स्फुरद हेक्टरी 10 किलोच्या आत किंवा सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याच्या आत असेल, तर कमी समजा.

मे महिन्यात 45 सेंमी लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, वरची माती वेगळी ठेवा. त्यात 5 किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि 100 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरदाचं खत) मिसळून भरा. शेणखत कच्चं असेल तर हुमणी आणि वाळवी येते, आणि ते कुजताना जंतू रोपाच्या वाट्याचा नत्र खातात. फॉस्फेट दामदुप्पट टाकू नका: जस्त उचललं जात नाही आणि मुळांना स्फुरद आणून देणारी मित्रबुरशी मागे हटते. ही बुरशी हवी म्हणून त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची मूठभर माती मुळांशी घाला. करंज, शिसव, खैर मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र बांधतात, पण त्या गाठींनाही स्फुरद लागतोच.

पिशवी पूर्ण काढा. तळाशी मुळं गुंडाळलेली असतील तर तो भाग कापा, नाहीतर रोप जन्मभर कुंडीतच राहिल्यासारखं राहतं. युरिया खड्ड्यात नको. महिन्या-दीड महिन्यानं, ओल असताना, खोडापासून वीतभर लांब 20 ग्रॅम पुरे.

पुढे जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी. पानं काळपट-जांभळी झाली तर बहुधा स्फुरद. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह. त्याला लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट, थोडं लिंबू पिळून, संध्याकाळी फवारा.