चुका ऐकवत नाहीत म्हणजे अहंकार?

‘ज्याला आपल्या चुका ऐकवत नाहीत तो अहंकारी. ज्याला सुधारायचंय तो स्वतःहून विचारतो. आणि तोंडावर खरं सांगितलं की माणूस सुधारतोच.’ हा मजकूर गेले काही दिवस जो तो पुढे ढकलतोय. मला यातलं एकही वाक्य पटत नाही, आणि पहिल्याचा तर राग येतो.

अहंकारी माणूस अभिप्राय बिनधास्त ऐकतो आणि झटकून टाकतो. टाळतो तो, ज्याला दुसऱ्याचं मत खोल लागतं. माझ्या एका लेखावरच्या अभिप्रायाचा मेल मी चार दिवस उघडला नव्हता. यादीत त्याची अर्धीच ओळ दिसायची: ‘काही गोष्टी बोलायच्या होत्या…’ तेवढ्यावरून पुढचा सगळा निकाल मी मनातल्या मनात लावून मोकळा. पोटात गोळा यायचा. आत निघालं काय, तर दोन परिच्छेदांची अदलाबदल करा. चूक निघण्याची भीती नव्हतीच. ‘हे तुमचं काम नव्हे’ असं कुणी म्हणेल, याची होती.

विचारण्याचं म्हणाल, तर तेही फुकट नसतं. सुसान अ‍ॅशफोर्ड आणि लॅरी कमिंग्ज या संशोधकांनी 1983 मध्येच मांडलं होतं की अभिप्राय मागताना माणूस त्याची किंमतही जोखतो. ‘याला एवढंही येत नाही’ असं वरिष्ठांना वाटेल, ही त्यातलीच एक.

आता ‘सुधारतोच’मधला तो ‘च’. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये अभिप्रायावरच्या प्रयोगांमधले सहाशेहून जास्त निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने कामगिरी सुधारली, हे खरं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ती उलट बिघडली. त्यांचं स्पष्टीकरण मला फार मोलाचं वाटतं: अभिप्रायामुळे लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की त्याचा उपयोग कमी होतो. ‘हा आकडा पुन्हा तपास’ म्हटलं की हात आकड्याकडे जातो. ‘तू निष्काळजीच आहेस’ म्हटलं की माणूस स्वतःला सावरत बसतो आणि आकडा तसाच राहतो.

टाळल्याने नुकसान होतं, हे मला मान्य आहे. माझेही चार दिवस गेलेच. पण त्याच व्यक्तीचा पुढचा मेल ‘चौथ्या पानावरचा दुसरा परिच्छेद आधी बघा’ असा सुरू झाला होता. तो मी आल्या आल्या उघडला.