शेवटचा हात कुणाचा, एवढ्यावर चौकशी थांबता कामा नये

इतकी वर्षं आपल्यासाठी विमान म्हणजे सांताक्रूझ, आणि सांताक्रूझ म्हणजे ट्रॅफिकच्या धास्तीने तीन तास आधी घर सोडणं. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि नेरूळ-उलव्याकडे रोजच्या बोलण्यात विमान आलं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतात, आणि फोटोंच्या मागोमाग हटकून अहमदाबादचा विषय निघतो. निघणारच. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून उडताच कोसळलेल्या एअर इंडियाच्या त्या विमानात आपल्या बाजूची माणसंही होती. डोंबिवली, बदलापूर, पनवेलकडच्या घरांवर त्या दिवशी आभाळ कोसळलं. पण चर्चा दर वेळी एकाच वाक्यावर येऊन थांबते: "पायलटनेच स्विच बंद केले, अहवालातच लिहिलंय."

अहवालात तसं लिहिलेलं नाही. हे वाक्य मला इतकं का खुपतं, ते आज नीट लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

एएआयबी ही विमान अपघातांचा तपास करणारी आपली सरकारी संस्था. तिचा प्राथमिक अहवाल १२ जुलै २०२५ ला मध्यरात्रीनंतर आला. पंधरा पानांचा आहे, मी तो सावकाश वाचला. भारतीय वेळेनुसार दुपारी १ वाजून ३८ मिनिटं ४२ सेकंदांच्या सुमारास विमानाने १८० नॉटचा वेग गाठला आणि लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच, एका सेकंदाच्या अंतराने, 'रन'वरून (चालू) 'कटऑफ'वर (बंद) गेले. एक पायलट दुसऱ्याला विचारतो, इंधन का तोडलंस? दुसरा म्हणतो, मी नाही तोडलं. विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण, हे अहवालात नाही. ५२व्या सेकंदाला एक स्विच परत 'रन'वर आला, ५६व्या सेकंदाला दुसरा. १ वाजून ३९ मिनिटं ५ सेकंदांनी 'मेडे'ची, म्हणजे संकटाची हाक गेली आणि ११व्या सेकंदाला नोंद संपली. विमानातल्या २४२ पैकी २४१ माणसं गेली, जमिनीवरची १९ गेली.

हे स्विच थ्रस्ट लिव्हरच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांच्या खाली असतात. चुकून धक्का लागून हलू नयेत म्हणून ते आधी वर उचलावे लागतात, मगच सरकतात. त्यामुळे "मुद्दाम केलं" हे लोकांना पटकन पटतं, आणि ती शक्यता मीही नाकारत नाही. पण त्याच अहवालात पुढे आहे की या स्विचचं लॉक काही बोइंग विमानांवर सुटलेलं आढळल्याचं एफएए या अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेने २०१८ मध्ये कळवलं होतं. सूचना सल्ल्याच्या स्वरूपाची होती, बंधनकारक नव्हती, म्हणून एअर इंडियाने ती तपासणी केलेली नव्हती. हे स्विच ज्या थ्रॉटल मॉड्यूलवर असतात, ते या विमानावर २०१९ आणि २०२३ मध्ये बदललं होतं, आणि २०२३ नंतर स्विचबद्दल एकही तक्रार नोंदलेली नव्हती. अपघातानंतर डीजीसीए या आपल्या विमान नियामक संस्थेने स्विच तपासायला लावले, तेव्हा एअर इंडियाला आपल्या ताफ्यात दोष सापडला नाही. म्हणजे वजन दोन्ही पारड्यांत आहे. ज्याला एकच पारडं दिसतं त्याने अहवाल वाचलेला नाही, त्यावरचा फॉरवर्ड वाचला आहे.

मी एमआयडीसीत सेफ्टीचं काम करतो, म्हणून हे जास्त लागतं. आमच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात रात्रपाळीच्या ऑपरेटरने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. गरम कंडेन्सेट (वाफेचं पाणी) अंगावर आलं, उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पहिल्या रिपोर्टमध्ये कारण लिहिलं होतं "ऑपरेटरचा निष्काळजीपणा", आणि उपाय म्हणून त्याला मेमो. चौकशीसाठी आम्ही त्या जागी रात्री दोन वाजता गेलो, कारण अपघात दोनला झाला होता. दोन व्हॉल्व्ह शेजारी शेजारी, एकाच उंचीवर, सारख्याच चाकाचे. टॅगवरचे आकडे तेलकटून पुसलेले. जवळची एकमेव ट्यूबलाइट खांबाच्या मागे, म्हणजे बरोबर व्हॉल्व्हवर खांबाची सावली. शटडाऊनमध्ये पाइपिंग बदललं होतं, पण भिंतीवरचा ड्रॉइंग जुनाच. आणि त्या माणसाची ती सलग दुसरी पाळी होती, कारण रिलीव्हर आलाच नव्हता.

चुकीचा व्हॉल्व्ह त्यानेच उघडला, यात वाद नव्हता. पण मेमो देऊन थांबलो असतो तर दुसऱ्या रात्री दुसऱ्या माणसाने तोच व्हॉल्व्ह उघडला असता.

जगभर विमान अपघातांचा तपास याच पद्धतीने चालतो. १९४४ च्या शिकागो कराराचं परिशिष्ट १३ आहे, भारताला ते लागू आहे. त्यात साफ म्हटलंय की तपासाचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणं नाही. गुन्हा कुणाचा हे पोलीस आणि कोर्ट बघतील, त्यांचा रस्ता वेगळा. हे दोन रस्ते एकमेकांत मिसळले की माणसं खरं बोलायची थांबतात. कारखान्यात हे मी रोज बघतो. ज्या खात्यात मेमोची भीती, तिथून 'नियर मिस'चा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा एकही कागद येत नाही.

कोझिकोडचं घ्या. ७ ऑगस्ट २०२०, भर पावसात, मागून वारा असताना विमान ओल्या धावपट्टीवर फार पुढे टेकलं आणि टेकडीच्या टोकावरून खाली गेलं. दोन्ही पायलटांसह २१ जण गेले. तपासात कॅप्टनची चूक निघाली, ठरलेल्या पद्धती पाळल्या नाहीत असं अहवाल सरळ म्हणतो. पण तिथेच थांबत नाही. कॅप्टनच्या बाजूचा वायपर पहिल्या प्रयत्नात बंद पडला होता. कोझिकोडलाच उतरायची इतकी घाई का? दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच त्यांना पुढचं विमान न्यायचं होतं. दुसरा कुणी का नव्हता? त्या तळावर पुरेसे कॅप्टनच ठेवले नव्हते, आणि त्यासाठी अहवाल कंपनीच्या मनुष्यबळाच्या धोरणाला नाव घेऊन दोष देतो. कुठे तो ढगातला वायपर आणि कुठे हेड ऑफिसातला ड्युटीचा तक्ता. चौकशी अशी मागे मागे जायला हवी.

आणखी एक गोष्ट, जी मला झोप लागू देत नाही. मंगळूरला २२ मे २०१० ला विमान धावपट्टीवरून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपले होते, हे व्हॉइस रेकॉर्डरवरून कळलं. उतरताना विमान फार उंचावर होतं, आणि शेजारचा को-पायलट पुन्हा पुन्हा सांगत होता, गो अराउंड करा, म्हणजे न उतरता विमान परत वर घ्या. कोझिकोडलाही को-पायलटने तेच सांगितलं, विमान टेकल्यानंतर. दोघांनाही धोका दिसला होता. दोघांनीही कंट्रोल हातात घेतला नाही. कोझिकोडच्या अहवालात कॉकपिटमधल्या या वरिष्ठ-कनिष्ठ अंतरावर लिहिलं आहे. आपल्या कुठल्याही ऑफिसात बसून बघा, "साहेबांना कसं सांगायचं" हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकू येतं. दहा वर्षांच्या अंतराने त्याच वाक्याने पुन्हा माणसं मारली. मंगळूरनंतर "कॅप्टन झोपला होता" एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. को-पायलटचं कुणाला आठवतं?

परदेशातही घाईची किंमत मोजली गेली आहे. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात लायन एअरचं ७३७ मॅक्स समुद्रात पडलं, १८९ जण गेले. तेव्हा बोट देखभालीकडे आणि वैमानिकांकडे गेलं. विमानं उडत राहिली. पाच महिने व्हायच्या आत, १० मार्च २०१९ ला, इथिओपियात त्याच प्रकारचं विमान पडलं आणि आणखी १५७ गेले. एमकॅस नावाची यंत्रणा एकाच सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावरून विमानाचं नाक खाली दाबत होती, आणि त्या यंत्रणेचा उल्लेख पायलटांच्या मॅन्युअलमध्ये नव्हता. ते १५७ लोक वाचू शकले असते, असं मला मनापासून वाटतं.

आता कुणी विचारेल, अंतिम अहवालात खरंच निघालं की एका पायलटने जाणूनबुजून केलं, तर? तर तेही पूर्ण वाचायचं. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या को-पायलटने मुद्दाम विमान आल्प्सच्या डोंगरावर घातलं, १५० माणसं गेली. तिथेही फ्रेंच तपास "माणूस वाईट होता" म्हणून संपला नाही. डॉक्टरांना त्याचं आजारपण माहीत होतं, मग ते कंपनीपर्यंत का पोचलं नाही? आजार सांगितला तर लायसन्स जाईल, पगार जाईल, या भीतीचं काय करायचं? पायलटांना मन मोकळं करायला सहकाऱ्यांचा आधार कसा उभा करायचा? शिफारशी या प्रश्नांवर आल्या. आपल्याकडे मात्र दोन मेलेल्या माणसांपैकी एकाला ग्रुपवर दोषी ठरवून लोक रात्री निवांत झोपले. त्यांच्या घरच्यांना दुसऱ्या दिवशी दाराबाहेर पडायचं होतं.

आपल्या जिल्ह्यातलंही बोलू. अहमदाबादच्या तीनच दिवस आधी, ९ जूनला सकाळी, दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन लोकलच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. त्या दिवशी चार गेले. पहिली चर्चा कसली झाली? पाठीवरच्या बॅगेची. पुढे रेल्वे पोलिसांनी इंजिनिअरांवर गुन्हा नोंदवला. आधी बॅग, मग इंजिनिअर. सकाळच्या गर्दीत कल्याण-डोंबिवलीहून निघालेल्या गाडीत दिव्याला पाय ठेवायला जागा नसते, ती गर्दी मात्र कुणाच्याच नावावर लागली नाही.

आणि इथेच माझा खरा मुद्दा आहे. रेल्वे अपघातांची वैधानिक चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. हे आयुक्तालय रेल्वे मंत्रालयाखाली नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. का? रेल्वेने स्वतःचीच चौकशी करू नये म्हणून. हा शहाणपणा आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे. मग विमान अपघाताची चौकशी करणारी एएआयबी कुणाच्या हाताखाली? त्याच विमान वाहतूक मंत्रालयाच्या. नियम करणारी, परवाने देणारी, तपासण्या करणारी डीजीसीए कुणाखाली? त्याच मंत्रालयाच्या. उद्या दोष डीजीसीएच्या देखरेखीत निघाला, किंवा मंत्रालयाच्याच एखाद्या निर्णयात निघाला, तर तो लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची बदली कोण करणार?

अमेरिकेत हाच पेच होता. तिथली अपघात तपासणारी संस्था एनटीएसबी आधी वाहतूक खात्याशी जोडलेली होती. खात्याच्याच कामावर बोट ठेवायची वेळ आली तर ती मोकळेपणाने बोलणार कशी, हा विचार करून १९७४ च्या कायद्याने तिला खात्यापासून पूर्ण वेगळं केलं.

आपल्याकडे कुवत नाही असं कुणी म्हणू नये. १९८५ मध्ये एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान अटलांटिकवर बॉम्बने पाडलं गेलं, ३२९ माणसं गेली. समुद्राच्या तळातून वर काढलेले रेकॉर्डर मुंबईत आणले गेले. त्या शेवटच्या आवाजाचं विश्लेषण आपल्या खाडीपलीकडे, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी केलं, आणि त्यांनी ते न्यायमूर्ती कृपाल यांच्या चौकशीपुढे ठेवलं. आज दिल्लीत एएआयबीची स्वतःची लॅब आहे, अहमदाबादच्या विमानाच्या पुढच्या भागातल्या रेकॉर्डरमधली माहिती तिथेच उतरवली गेली. माणसं आहेत, यंत्रं आहेत. त्यांच्या डोक्यावरचा मंत्रालयाचा हात तेवढा काढायचा आहे.

नव्या विमानतळाच्या शेजाऱ्यांना यात दुप्पट रस असायला हवा. आपल्या एका अंगाला ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, नेरूळ-करावेची तळी, आणि आता त्यांच्या जवळून विमानांची वाट. २९ डिसेंबर २०२४ ला दक्षिण कोरियात मुआनला जेजू एअरचं विमान पक्षी धडकल्यानंतर पोटावर उतरलं आणि धावपट्टीपलीकडच्या काँक्रीटच्या बांधावर आदळलं, १७९ जण गेले. तपास करणाऱ्यांनी जुलै २०२५ मध्ये पायलटांनी चुकीचं इंजिन बंद केल्याचं सांगायची तयारी केली, तेव्हा मृतांच्या नातेवाइकांनी इतका विरोध केला की ती पत्रकार परिषद रद्द करावी लागली. त्यांचा प्रश्न होता, मग तो बांध तिथे कुणी बांधला? तो प्रश्न विचारायची हिंमत त्यांनी दुःखात दाखवली. आपण शांत डोक्याने, काही घडायच्या आधी विचारू शकतो.

ऐरोली-बेलापूरकर ठाण्याच्या खासदारांकडे, पनवेल-उरणकर मावळच्या खासदारांकडे, असं एकाच मजकुराचं पत्र आम्ही काही जण देणार आहोत. मागण्या तीन. एएआयबीला मंत्रालयाबाहेर काढून संसदेला थेट उत्तरदायी करणारा कायदा हवा. प्रत्येक अपघात अहवालातल्या शिफारशींपैकी कोणती पाळली आणि कोणती नाही, याचा तक्ता दर वर्षी सभागृहात ठेवला जावा. आणि नवी मुंबई विमानतळावर पक्षी धडकल्याच्या घटनांची नोंद दर महिन्याला लोकांसाठी खुली व्हावी. पत्राचा मजकूर तयार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी मला मेसेज करा, रविवारी सकाळी नेरूळ स्टेशनच्या पूर्वेला कागद घेऊन थांबतो.